टेकोडे : वारुळातील अलिंग बीजुकांचा इतिहास

पावसाळ्याच्या पूर्वार्धात वाळवीच्या वारुळांवर व त्यांच्या लगतच्या जमिनीतून जी पांढरट, मांसल व रुचकर भूछत्रे उगवतात, त्यांना विदर्भात टेकोडे आणि पूर्वेकडील झाडीपट्टीत सात्या म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुका, त्याच्या शेजारचे मूल व गोंडपिपरी हे तालुके आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील (हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला) चामोर्शीचा परिसर हा साग, ऐन, मोह व बांबू यांच्या पानझडी वनांचा प्रदेश आहे. उन्हाळ्याअखेर जमिनीवर साचलेला पालापाचोळा व वाळके लाकूड हे वाळवीचे मुख्य अन्न असल्यामुळे या वनांत वारुळे विपुल असतात आणि त्यांच्याबरोबर टेकोडेही. ही देशी नावे कोणत्याही एका जातीपुरती मर्यादित नाहीत. वनस्पतिविज्ञानाच्या दृष्टीने ही सर्व भूछत्रे टर्मिटोमायसीस या वंशात मोडतात. या वंशात सु. ४० जाती असून त्या केवळ आफ्रिका व आशिया या खंडांतील वाळवीच्या सान्निध्यातच आढळतात.

टेकोडे वर्षातून काही दिवस दिसतात. त्यांना जन्म देणारे कवक मात्र वर्षभर जमिनीखाली असते. भूछत्र हा त्या कवकाचा लैंगिक प्रजोत्पादनाचा अवयव होय. वारुळाच्या आत त्याच कवकाच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गुटिका येतात. त्यांत लैंगिक संयोगावाचून तयार होणारी बीजुके (प्रजोत्पादनाचे सूक्ष्म घटक) असतात. कवकाचे वारुळातील रोजचे सातत्य भूछत्रावर नव्हे, तर या गुटिकांतील अलिंग बीजुकांवर अवलंबून आहे. गुटिका प्रथम दिसल्या त्या अठराव्या शतकात. त्यांचे कार्य निश्चित व्हावयास मात्र दोनशेहून अधिक वर्षे लागली. या दीर्घ विलंबाची कारणे कवकविज्ञानाच्या वाटचालीतच सापडतात.

मराठी माणसास वारूळ म्हटले की मुंगी व नाग यांची आठवण होते. नागपंचमीला पुजले जाणारे वारूळ बहुधा वाळवीने बांधलेले असते; मुंग्या व साप हे त्यातील मागाहून आलेले रहिवासी होत. भारतात सर्वत्र आढळणारी ओडोंटोटर्मीस ओबेसस ही वाळवी बुरुजासारख्या कडा असलेली उंच वारुळे रचते. अशा वारुळाच्या पोटात मातीच्या पोकळ्या असून प्रत्येक पोकळीत स्पंजासारखे सच्छिद्र, तपकिरी रंगाचे व सहज कुस्करले जाणारे पोळे असते. हे पोळे मातीचे वा मेणाचे नसून वाळवीने चावून गिळलेल्या वनस्पतिद्रव्याच्या विष्ठेचे असते. त्याच्या कणाकणांतून कवकाचे तंतू पसरलेले असतात आणि पृष्ठभागावर पांढऱ्या गुटिका विखुरलेल्या दिसतात. पोळ्याच्या माथ्यावर नवे द्रव्य चढत जाते व तळाचे जुने द्रव्य वाळवी खाऊन टाकते. पावसाळ्यात काही पोळ्यांतून मुळासारखा लांब दांडा जमिनीच्या पृष्ठभागाकडे वाढतो. त्याच्या टोकावरील छत्रीच्या मध्यभागी कठीण, टोकदार उंचवटा असतो. त्याच्या साहाय्याने ती माती भेदून वर येते. टेकोडा उपटताना हा दांडा जमिनीत खोल गेलेला आढळतो तो यामुळेच.

अलिंग बीजुके ही केवळ वारुळातील कवकाचीच मिरास नव्हे. लिंबावर येणारी निळसर-हिरवी भुकटी म्हणजे पेनिसिलियम या बुरशीची अलिंग बीजुकेच होत. तंतूच्या टोकाशी उघड्यावर तयार होणाऱ्या अशा बीजुकास विबीजुक म्हणतात. शिळ्या पावावरील काळ्या ठिपक्यांत मात्र बीजुके एका पिशवीत बंदिस्त असतात. विबीजुके मुख्यतः दोन रीतींनी बनतात : तंतूवर अंकुरासारखा फुगवटा येऊन तो पडद्याने वेगळा होतो किंवा अगोदरच वाढलेल्या तंतूचे तुकडे पडून प्रत्येक तुकडा बीजुक होतो. पहिल्या रीतीत नवी कोशिका नव्याने फुगते, तर दुसऱ्या रीतीत जुनीच कोशिका सुटी होते. बीजुक रुजताना प्रथम पाणी शोषून फुगते, मग त्याच्या भित्तीतून एक नलिका बाहेर पडते आणि तीच पुढे शाखा फुटून कवकजाल बनते. काही बीजुकांना त्यासाठी पाणी पुरते, काहींना बाहेरून शर्करा अगर अन्य पोषक द्रव्य लागते.

बुरशी बीजुकांपासून उगवते, ही गोष्ट आज शाळकरी मुलासही ठाऊक असली, तरी तिचा पुरावा पुढे येण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. विजांचा कडकडाट झाला म्हणजे भूछत्रे फुटतात किंवा कुजक्या पदार्थांतून ती आपोआप जन्मतात, असे समज जगात दूरवर रूढ होते. फ्लॉरेन्स येथील वनस्पतिवैज्ञानिक प्येर आंतोन्यो मिकेली (१६७९–१७३७) यांनी बुरशीची भुकटी कलिंगडाच्या जातीच्या फळांच्या फोडींवर पेरली आणि जी पेरली तीच बुरशी पुन्हा उगवते, हे १७२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले. अ‍ॅस्परजिलस हे नावही त्यांचेच. चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या साधनाशी या बुरशीच्या बीजुकधारी डोक्याचे साम्य पाहून त्यांनी ते दिले. मिकेली यांच्या प्रयोगाला त्यांच्या हयातीत म्हणावी तशी मान्यता मिळाली नाही. १८०७ मध्ये फ्रान्समध्ये बेनेदिक्त प्रेव्हो (१७५५–१८१९) यांनी गव्हाच्या काणीची बीजुके पाण्यात रुजताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली व तांब्याच्या अत्यल्प अंशाने ती रुजण्याचे थांबते, हेही दाखविले. ही बीजुके अलिंग नव्हती. परंतु बीजुकाचे रुजणे ही प्रत्यक्ष पाहता येण्याजोगी क्रिया आहे, हे त्यामुळे प्रस्थापित झाले.

वारुळातील गुटिकांची पहिली नोंद याच दोन प्रयोगांच्या मधल्या काळातील असून तिचा उगम भारतात आहे. लिनीअस यांचे शिष्य यॉहान गेरहार्ट केनिग (१७२८–८५) हे १७६८ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आले. दक्षिण भारतातील वाळवीवर त्यांनी लिहिलेला निबंध १७७९ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. पोळ्यावरील कवक हे वाळवीच्या पिलांचे अन्न असावे, असा तर्क त्यांनी मांडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७८१ मध्ये, हेन्री स्मेथमन यांनी पश्चिम आफ्रिकेतील वाळवीचे सविस्तर वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. पोळ्यावरील पांढरे गोळे त्यांना प्रथम वाळवीची अंडी वाटले होते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते लहान, कोवळ्या भूछत्रांसारखे दिसले. स्मेथमन यांचे निरीक्षण अचूक होते. पण त्या काळच्या भिंगांना गुटिकेच्या अंतरंगातील कोशिका स्पष्ट दाखविणे शक्य नव्हते आणि अलिंग बीजुक ही कल्पनाही तेव्हा रूढ झालेली नव्हती. त्यामुळे गुटिका म्हणजे खुजी राहिलेली भूछत्रे, ही समजूत दीर्घकाळ टिकली.

एकोणिसाव्या शतकात नमुने वाढले आणि त्यांच्याबरोबर गोंधळही वाढला. इंग्लंडमधील धर्मोपदेशक व कवकवैज्ञानिक माइल्स जोसेफ बर्कली (१८०३–८९) यांनी श्रीलंकेतून आलेल्या, लांब मूलसदृश दांड्याच्या भूछत्राला १८४७ मध्ये अ‍ॅगॅरिकस यूऱ्हायझस असे नाव दिले. पुढे त्यांनीच भारतातील वाळवीच्या पोळ्यावरील गुटिकांचे वेगळे कवक म्हणून वर्णन केले आणि सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक जे. एफ. डुथी यांच्यावरून त्यास अ‍ॅजेरिटा डुथिआय हे नाव दिले. अशा रीतीने एकाच सजीवाच्या लैंगिक व अलिंग अवस्था दोन निरनिराळ्या वंशांत जाऊन बसल्या.

यात बर्कली यांना दोष देणे योग्य होणार नाही. एकच कवक निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळ्या प्रकारची बीजुके निर्माण करते, ही गोष्ट फ्रान्समधील ल्वी रने त्यूलान (१८१५–८५) व शार्ल त्यूलान (१८१६–८४) या बंधूंनी १८६१–६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथामुळे सर्वमान्य होऊ लागली. परंतु लैंगिक अवस्था अज्ञात असलेल्या हजारो बुरशींचे काय करावयाचे, हा व्यावहारिक प्रश्न होता. इटलीतील प्येर आंद्रेआ साक्कार्दो (१८४५–१९२०) यांनी १८८२ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रचंड कवकसूचीत त्यांची वर्गवारी बीजुकांचा रंग, आकार व त्यांतील पडदे यांवरून केली. अशा कवकांना अपूर्ण कवके म्हणत. ही पद्धत टाचणवहीसारखी सोयीची असली, तरी तिच्यातून आप्तसंबंध कळत नसत. बीजुक कसे दिसते यापेक्षा ते कसे बनते याला महत्त्व द्यावे, हा विचार कॅनडातील एस. जे. ह्यूज (१९१८–२०१९) यांच्या १९५३ मधील निबंधाने दृढ झाला. भारतात मद्रास विद्यापीठातील सी. व्ही. सुब्रमणियन (१९२४–२०१६) यांनी तो विचार पुढे नेला. एका कवकाला एकच वैध नाव असावे, हा नियम आंतरराष्ट्रीय वनस्पतिवैज्ञानिक परिषदेने मेलबर्न येथे स्वीकारला तो तर २०११ मध्ये.

वारुळातील कवकाच्या दोन अवस्थांचा सांधा जुळविण्याचे मोठे श्रेय टॉम पेच यांना द्यावे लागते. ते १९०५ मध्ये श्रीलंकेत सरकारी कवकवैज्ञानिक म्हणून रुजू झाले आणि दुसऱ्याच वर्षी पेरादेनिया येथील उद्यानाच्या नियतकालिकात त्यांचा वाळवी-कवकांवरील विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. गुटिका ही शाखायुक्त तंतूंची बनलेली असून त्या तंतूंवर दोन प्रकारच्या कोशिका येतात : काही गोल, तर काही लंबगोल. पेच यांनी त्या वेगवेगळ्या पेरून पाहिल्या. गोल कोशिका रुजल्या नाहीत. लंबगोल कोशिका सहज रुजल्या. म्हणजे लंबगोल कोशिका ही खरी विबीजुके होत, हे येथे प्रयोगाने दिसून आले. परंतु रुजलेल्या तंतूंपासून पुन्हा गुटिका निर्माण करणे पेच यांना साधले नाही. पोळे जुने झाले म्हणजे त्यातून भूछत्र उगवते, हेही त्यांनी नोंदविले व निरनिराळ्या तज्ञांनी पाच-सहा वंशांत घातलेली भूछत्रे मुळात दोन रूपांत दिसणारे एकच कवक होय, असे मत दिले.

पेच यांचे आणखी एक निरीक्षण तितकेच महत्त्वाचे आहे. वारुळातून काढलेले पोळे वाळवीशिवाय ठेवले, तर त्यावर अन्य बुरशी माजतात आणि सोडून दिलेल्या पोळ्यांवर सततच्या पावसानंतर झायलेरिया नायग्रिपीस या कवकाच्या काळ्या काड्या उगवतात. वसाहत नांदती असताना यांपैकी काहीच दिसत नाही. यावरून वाळवी आपल्या पोळ्याची निंदणी करीत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. झायलेरियाचे तंतू नांदत्या पोळ्यातही सुप्त रूपात असतात, हे पुढील संशोधनात दिसून आले आहे. बांधीतील धान निंदले नाही तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्यास या निष्कर्षाचे आश्चर्य वाटू नये.

यानंतरची काही दशके मुख्यत्वे वर्णनाची व नामकरणाची होती. कलकत्त्याचे कवकवैज्ञानिक सहायराम बोस (१८८८–१९७०) यांनी चिल्का सरोवरातील बारकुडा बेटावरच्या वाळवीने जोपासलेल्या कवकांवर १९२३ मध्ये निबंध लिहिला. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील रॉजर हाइम (१९००–७९) यांनी आफ्रिकेतील नमुन्यांच्या आधारे १९४२ मध्ये टर्मिटोमायसीस हा स्वतंत्र वंश स्थापन केला. वाळवी व भूछत्र यांच्या संबंधांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९७७ मध्ये बाहेर पडला. डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांनी १९५१ मध्ये भारतातील वाळवी व कवके यांच्या संबंधांचा आढावा घेतला. के. नटराजन यांनी दक्षिण भारतातील एका जातीस १९७९ मध्ये हाइम यांचे नाव दिले. पुणे येथील महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातील भूछत्रांवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यामुळे महाराष्ट्रातील भूछत्रांच्या अभ्यासास पद्धतशीर आधार लाभला. मात्र त्याचा भर साहजिकच राज्याच्या पश्चिम भागावर होता.

कवकाचा वाळवीला उपयोग काय, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. फ्रेंच प्राणिवैज्ञानिक प्येर-पॉल ग्रासे यांच्या मते गुटिका हे गौण अन्न असून कवकाचे खरे कार्य लाकडातील लिग्निन हे कठीण द्रव्य मऊ करून पोळे खाण्याजोगे करणे हे होते. अमेरिकेतील एम. एम. मार्टिन व जे. एस. मार्टिन यांनी १९७८ मध्ये वेगळाच पैलू पुढे आणला. गुटिकांबरोबर गिळली गेलेली कवकाची एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) वाळवीच्या आतड्यात कार्यक्षम राहतात व सेल्युलोजाच्या पचनास हातभार लावतात, असे त्यांना आढळले. पुढील संशोधनाने या दोन्ही मतांत तथ्य असल्याचे दाखविले असून वाळवीच्या निरनिराळ्या जातींत त्यांचे प्रमाण भिन्न असते. तथापि या सर्व वादात गुटिकेकडे पाहिले गेले ते अन्न म्हणून. तिच्यातील बीजुकांचे पुढे काय होते, हा साधा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न सोडविला तो पोळ्याच्या बांधणीच्या बारकाईच्या निरीक्षणाने. डब्ल्यू. ए. सँड्स यांनी १९६० मध्ये प्रयोगशाळेतील नव्या वसाहतींत पोळ्याची सुरुवात कशी होते याचा अभ्यास केला. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातील आर. एच. लॉइटहोल्ड व त्यांचे सहकारी यांनी मॅक्रोटर्मीस या वंशातील वाळवीवर काम करून १९८९ मध्ये पुढील चित्र स्पष्ट केले. वयस्क कामकरी वाळव्या बाहेरून वाळके वनस्पतिद्रव्य आणतात. वारुळातील तरुण कामकरी ते द्रव्य गुटिकांसह खातात. गुटिकेचा मऊ भाग पचतो, पण विबीजुके आतड्यातून सहीसलामत बाहेर पडतात. ही बीजुकमिश्रित विष्ठा पोळ्याच्या माथ्यावर लिंपली जाते. तेथे ओलावा, ऊब व वनस्पतिद्रव्य तिन्ही मिळून बीजुके रुजतात आणि काही दिवसांतच नव्या थरात कवकजाल पसरून त्यावर पुन्हा गुटिका येतात. पेरणी, उगवण आणि कापणी हे सर्व एकाच मुखातून व एकाच आतड्यातून घडते. गुटिका खाणे म्हणजेच बी पेरणे होय. पेच यांना काचेच्या बशीत बीजुके रुजविता आली, पण गुटिका मिळाल्या नाहीत. रुजलेल्या तंतूला पुढे जे पोळे लागते ते वारुळात वाळवी रोज नव्याने पुरविते.

अमेरिका खंडातील पाने कातरणाऱ्या मुंग्याही कवकाची शेती करतात. टॉमस बेल्ट यांनी १८७४ मध्ये ते अनुमान मांडले व आल्फ्रेड म्योलर यांनी १८९३ मध्ये ब्राझीलमधील निरीक्षणांनी ते सिद्ध केले. पण तेथे मुंग्या कवकजालाचे तुकडेच नव्या पानांवर लावतात. त्यांच्या कवकावर येणारे फुगीर तंतुगुच्छ हे बीजुके नसून केवळ खाद्य असतात. मुंग्यांची रीत कलम लावण्याची, तर वाळवीची बी पेरण्याची आहे.

वाळवीचे नवे जोडपे वेगळी वसाहत स्थापन करते तेव्हा कवक कोठून येते, हा वेगळा प्रश्न आहे. आर. ए. जॉन्सन व सहकाऱ्यांनी नायजेरियातील वाळवीवर केलेल्या व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याच्या दोन तऱ्हा आढळल्या. मायक्रोटर्मीस वंशात पंख असलेली मादी, तर मॅक्रोटर्मीस बेलिकोसस या जातीत नर, मूळ वारुळातील अलिंग बीजुके आतड्यात घेऊन उडतो. बहुसंख्य जातींत मात्र जोडपे रिकाम्या आतड्याने निघते आणि पहिल्या पिढीतील कामकरी बाहेर पडल्यावर भूछत्रांतून वाऱ्यावर विखुरलेली लैंगिक बीजुके अन्नाबरोबर आणतात. ओडोंटोटर्मीस याच दुसऱ्या गटातील आहे. पहिल्या सरींनंतर पंख असलेल्या वाळव्या बाहेर पडतात आणि त्यानंतर काही आठवड्यांनी टेकोडे उगवतात; हा क्रम नव्या कामकऱ्यांच्या पहिल्या सफरींशी जुळतो, असे अनेक अभ्यासक मानतात. उलट ज्या वाळव्या अलिंग बीजुके वारशाने पुढे देतात त्यांच्या वारुळांवर भूछत्रे क्वचितच दिसतात. शेतजमिनीत मायक्रोटर्मीस भरपूर असूनही तिच्यामुळे टेकोड्यांचे पीक येत नाही, याचा उलगडा येथे होतो.

बाहेरून येणारी बीजुके अनेक भूछत्रांची असल्याने एका वारुळात कवकाचे अनेक वाण एकत्र यावयास हवेत. प्रत्यक्षात एका वारुळात एकच वाण आढळतो. याचे स्पष्टीकरण नेदर्लंड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाचे डुर आनेन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दिले. एकाच वाणाचे तंतू परस्परांना भेटले की जुळून एक होतात. भिन्न वाणांचे जुळत नाहीत. जुळून मोठे झालेले कवकजाल प्रमाणाबाहेर अधिक बीजुके देते. त्यामुळे ज्या वाणाचे प्रमाण आरंभी थोडे अधिक असते त्याच्या गुटिका अधिक खाल्ल्या जातात, त्याची बीजुके अधिक पेरली जातात आणि प्रत्येक फेरीत इतर वाण मागे पडत जाऊन अखेर नाहीसे होतात. वाळवीला वाणांची निवड जाणीवपूर्वक करावी लागत नाही. खाणे व पेरणे ही एकच क्रिया असल्यामुळे ती आपोआप घडते. भिन्न वाणांतील स्पर्धा टळल्याने कवकाची शक्ती भांडणात खर्च न होता बीजुके निर्माण करण्यात लागते. हे सहजीवन इतका काळ टिकण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. तो काळही थोडा नव्हे. याच आनेन यांच्या २००२ मधील जनुकीय अभ्यासानुसार वाळवीने कवकशेती इतिहासात एकदाच, आफ्रिकेत, सुरू केली व त्यानंतर दोघांपैकी कोणीही हा संबंध सोडलेला नाही. टांझानियातील रुक्वा खोऱ्यात सापडलेले जीवाश्मरूप पोळे सु. २·५ कोटी वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले.

टेकोड्यांच्या लागवडीचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. धिंगरी व भाताच्या पेंढ्यावरील भूछत्रे सहज पिकविली जातात. टेकोडे मात्र तशा रीतीने पिकत नाहीत. टर्मिटोमायसीसचे कवकजाल प्रयोगशाळेतील माध्यमावर हळूहळू वाढते आणि त्यावर अलिंग बीजुकेही येतात. भूछत्र मिळण्याची खात्रीची व व्यापारी दृष्ट्या परवडणारी रीत मात्र हाती आलेली नाही. चीनमध्ये वाळवीच्या भूछत्राचे प्रचलित नाव लावून जी काळपट सालीची भूछत्रे लागवडीतून बाजारात येतात, ती वस्तुतः निराळ्याच वंशातील आहेत. म्हणून झाडीपट्टीतील हाटांत येणारे टेकोडे अद्याप सर्वस्वी रानातील वारुळांचेच असतात आणि त्यांची आवक पावसाबरोबरच वारुळांच्या संख्येवरही अवलंबून राहते.

टेकोडे खुडल्याने पोळ्यास इजा पोहोचत नाही. जमिनीखालील गुटिका आपले कार्य चालू ठेवतात. सर्व छत्र्या उमलण्यापूर्वीच काढल्या, तर लैंगिक बीजुके विखुरण्यास वाव राहात नाही व नव्या वसाहतींना कवक मिळण्याची शक्यता तेवढी घटते. म्हणून काही छत्र्या मागे राहू देणे हिताचे ठरते. वारूळ खणून काढणे ही गोष्ट वेगळी. पोळी फुटून वाळवीपासून तुटली म्हणजे पेच यांनी पाहिल्याप्रमाणे परक्या बुरशी त्यांवर माजतात आणि पेरणारे हात नसल्याने गुटिकांतील बीजुकांना रुजण्यास ताजा थर मिळत नाही. विटा अगर घरे यांसाठी वारुळाची माती नेणे, वनजमीन सपाट करणे व वाळवीनाशक औषधे जमिनीत मुरविणे यांचा परिणाम त्या जागेवरच्या पुढील वर्षीच्या टेकोड्यांवर होतो. वाळवी इमारती लाकूड व पिके यांचे नुकसान करते हे खरे असले, तरी वनातील वारूळ बांधणाऱ्या जातींचे मुख्य अन्न मृत वनस्पतिद्रव्य हेच असते.

वारुळाजवळ उगवणारे प्रत्येक भूछत्र खाद्य नसते. पावसाळ्यात कुरणांत उगवणारे क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस हे विषारी भूछत्र पांढरे व मोठे असते. परिपक्व अवस्थेत त्याच्या छत्रीखालील पटलांवर हिरवट झाक येते आणि त्याचा दांडा जमिनीत खोल जात नाही. टेकोड्याची पटले पांढरट ते फिकट गुलाबी असून त्याचा मूलसदृश दांडा खाली पोळ्यापर्यंत पोहोचतो. दांड्याच्या तळाशी सावकाश माती उकरत गेल्यास, जमीन मऊ असेल तर, तो ज्यावर उगवला ते तपकिरी पोळे व त्यावरील पांढऱ्या गुटिका नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतात.